डब्याचा रविवार

सिडनी
५ नोव्हेंबर २००१

प्रिय क्लॅरीकाका,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही, म्हणून हे पत्र. पोर्ट हॅलोरनच्या टेकडीवर, फोनच्या टॉवरखालच्या खोलीत, आमच्या माणसाने गेल्या आठवड्यात जो करडा डबा बसवला तो मी बनवलाय. चार वर्षं त्याच्यामागे घालवली. खोलीची चावी तुमच्याकडे दिली, कारण तुमचं नाव मीच सुचवलं. सख्ख्या पुतणीचं एवढं काम तुम्ही करालच.

जुने फोन बंद होऊन हे नवे आले तेव्हापासून बोट खडकांच्या रांगेपलीकडे गेली की फोन मुका होतो, हे केल्विन मला दर ख्रिसमसला ऐकवतो, जणू जुने फोन मीच बंद केले. तर हे त्याच्यासाठी आहे असं समजा. तुम्ही कानातलं मशीन लावून पबमध्ये जाता तेव्हा काय होतं? मशीन सगळंच मोठं करतं. ग्लासांचा खणखणाट, टीव्हीवरची मॅच, आणि हळू बोलणारा माणूस त्यात बुडतो. टॉवरच्या रिसीव्हरचंही तेच. शेजारी पेजरवाल्यांचा ट्रान्समीटर बोंबलत असतो आणि लांब बोटीवरून केल्विनचा फोन कुजबुजत असतो. बोंब कापायला फिल्टर लागतो. साधा फिल्टर कापायला बसला की कुजबुजीचाही लचका तोडतो. माझा तोडत नाही, कारण आतल्या पट्ट्या अतिवाहक आहेत. पुरेशा थंड केल्या की त्यांच्यातून जाताना विजेची गळतीच होत नाही.

पण पुरेशा थंड म्हणजे भयंकर थंड. डब्यावर आकडा दिसतो, तो सत्तर हवा. सत्तर केल्विन. हे माप आहे, तुमचा मुलगा नव्हे. लॅबमध्ये मी सगळ्यांना सांगितलंय की सत्तर केल्विन काय घेऊन बसलात, आमच्या घरी एकच आहे आणि तोच झेपत नाही.

फार डोकं लावू नका, काका. तुमच्या मासळी सोसायटीचं कोल्ड स्टोरेज सांभाळता ना, तसंच हे समजा आणि तसंच सांभाळा. इथं बसून तापमान बघायची सोय अजून नाही. फोन कंपनी म्हणते, आधी उपयोग दाखवा. तेव्हा दर सोमवारी पोस्टात जाताना वर चढून आकडा बघायचा आणि मला लिहायचा. मार्चअखेर कंपनी ठरवणार. डबा आवडला तर सगळ्या किनाऱ्यावर लावतील. नाहीतर उतरवतील आणि आमच्याकडे हे काम बंद होईल. मला आत्तापासूनच चैन नाही.

तुमची
मेरिडी


पोर्ट हॅलोरन
१९ नोव्हेंबर २००१

प्रिय पोरी,

मला ऐकू येतं. लोक पुटपुटतात त्याला मी काय करणार.

तुझा डबा बघितला. एवढ्याशा डब्याला चार वर्षं लागली म्हणजे कमाल आहे. तेवढ्या वेळात आम्ही इथं जेटी बांधली होती आणि वादळात घालवलीही होती. कान लावून काही कळत नाही, पण हात ठेवला की आतून बारीक घुरघुर लागते, मांजराच्या पोटासारखी. यंत्राशी माझी ओळख हातानंच होते.

शेवंडांचा हंगाम सुरू झाला, पिंजरे पाण्यात पडले. गेल्या गुरुवारी केल्विननं खडकांच्या पार पलीकडून बेकरीत फोन लावला आणि सांगितलं की दोन खिम्याच्या पेस्ट्या गरम ठेवा. बेकरीवाल्या ग्वेनला आधी वाटलं हा मागच्या गल्लीत उभा राहून थट्टा करतोय. दोन वर्षांत तिथून कुणाचा फोन आला नव्हता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आता प्रत्येक जण लांब जाऊन फोन लावतो आणि "कुठून बोलतोय ओळख" म्हणतो. कामाचं कुणी काही बोलत नाही.

केल्विन म्हणाला, मेरिडीला सांग, पेस्टी गरम होती. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. कोल्ड स्टोरेजसारखं सांभाळ म्हणालीस, ते बरं केलंस. बाकीचं सगळं वाचून डोकं दुखलं होतं.

आज सत्तर.

क्लॅरीकाका


सिडनी
१७ डिसेंबर २००१

प्रिय काका,

पेस्टीची गोष्ट मी सगळ्या लॅबला सांगितली. आमचे साहेब हसले, ते सहसा हसत नाहीत.

पण काहीतरी खुपतंय. कंपनीने महिन्याचे एकूण आकडे पाठवले. लांबचे फोन वाढलेत, खूप वाढलेत, पण मधूनच गायब होतात. कधी, ते एकूण आकड्यातून कळत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, "चालतो तेव्हा उत्तम, पण भरवसा नाही." भरवसा नसलेला फिल्टर कुणाला हवा?

या पट्ट्यांचा सूर थंड असतानाच लावावा लागतो. वर बारीक नीलमण्याचे स्क्रू असतात, ते केसभर फिरवायचे. गरम असताना लावलेला सूर थंडीत पळतो. मला वाटतं एखादा स्क्रू सैल पडत असावा. किंवा आत ओल शिरली असेल, ओल या पट्ट्यांना सोसत नाही. किंवा माझा आराखडाच चुकला असेल. इथं तसाच दुसरा डबा उघडून बसलेय. रोज नवीन कारण सापडतं आणि दुसऱ्या दिवशी ते खोटं ठरतं. नाताळला येणं जमणार नाही. रागावू नका. आणि खरं सांगा, डबा कधी गरम दिसला का?

मेरिडी


पोर्ट हॅलोरन
३१ डिसेंबर २००१

प्रिय पोरी,

गरम कसा दिसेल? दर सोमवारी सत्तर. एकदा एकाहत्तर होता, मी तिथंच थांबलो आणि सत्तर झाल्यावर खाली उतरलो. माझ्या हातून तुझ्या डब्याला काही कमी पडत नाही, उलट जरा जास्तच लाड होतात. स्क्रूचं वगैरे तू बघ.

नाताळला तू नव्हतीस तर केल्विनला छळायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यानं मला छळलं. म्हणे बाबा, कानातलं मशीन खिशात ठेवून ऐकू येत नाही. त्याच्या आईच्या, लॉर्नाच्या खुर्चीत तुझा कोट ठेवला होता, गेल्या वर्षी विसरलेलीस तो. पोस्टानं पाठवू का?

केल्विनच्या बोटीवरच्या, "लॉर्ना जून"वरच्या रेडिओची एरियल मोडलीय. रोज म्हणतो बसवतो. तुझा फोन चालतोय म्हणून आळशी झालाय.

आज सत्तर.

क्लॅरीकाका


पोर्ट हॅलोरन
२२ जानेवारी २००२

मेरिडी,

परवा रविवारी केल्विनचा उजवा हात पिंजरे ओढायच्या चाकात गेला. दोरानं ओढून घेतला. बोटीवर एकटाच होता, जोडीदार तापानं आडवा होता म्हणून. रेडिओ मुकाच होता. फोन लावत राहिला, लागला नाही. हाताला टॉवेल गुंडाळून एका हातानं सुकाणू धरून तो स्वतः बोट घेऊन आला. जेटीवर आला तेव्हा उभा राहू शकत नव्हता. उडत्या डॉक्टरांच्या विमानानं ॲडलेडला नेला. तीन बोटं गेली. डॉक्टर म्हणाला, लवकर कळवलं असतं तर एखादं तरी वाचवता आलं असतं.

खडकांच्या पलीकडेच होता. जिथून पेस्ट्या मागवल्या होत्या, तिथंच.

तुझा डबा कुठं झोपला होता, मेरिडी?

क्लॅरी


सिडनी
३० जानेवारी २००२

प्रिय काका,

मी ॲडलेडला जाऊन आले. केल्विन माझ्याशी नीट बोलला, ते जास्त लागलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "काही नाही गं, आता शिट्टी डाव्या हातानं वाजवीन." मी बाहेर येऊन रडले.

डबा कुठं झोपला होता, तेच शोधतेय. मीच बनवलेली वस्तू, आणि माझ्याच भावाला हवी होती तेव्हा ती बहिरी झाली. कंपनीने कळवलंय की महिनाभरात कारण द्या, नाहीतर डबा उतरवतो. उतरवला तर बोटी पुन्हा मुक्या होतील. म्हणजे केल्विनचं जे झालं ते उद्या दुसऱ्या कुणाचं होईल. त्यामुळे कारण सापडायलाच हवं. माझ्या नोकरीचं राहू द्या, ते मी आता मनातून काढलंय.

भांडून भांडून मी एकेका दिवसाचे आकडे मिळवले. काका, लांबचे फोन फक्त रविवारी पडतात. दर रविवारी. बाकी सहा दिवस डबा सोन्यासारखा चालतो. फिल्टरला वार कळत नाही. म्हणजे रविवारी तिथं बाहेरून काहीतरी होतंय. कुणी नवीन रेडिओ लावला का? शेतकऱ्यांचे वॉकीटॉकी, चर्चचा लाऊडस्पीकर, फुटबॉलवाले, काहीही? मला माहीत आहे तुम्ही रागावलात. तरी एवढं सांगा. पोर्ट हॅलोरनला रविवारी काय काय होतं, सगळं लिहा. क्षुल्लक वाटलं तरी लिहा.

मेरिडी


पोर्ट हॅलोरन
११ फेब्रुवारी २००२

मेरिडी,

रविवारी इथं काय होतं म्हणून विचारतेस, तू काय लंडनला वाढलीस? काही होत नाही. चर्चला सात-आठ टाळकी, त्यातली निम्मी झोपलेली. लाऊडस्पीकर कसला, पाद्री स्वतःच एवढा ओरडतो की मलाही ऐकू येतं. पब दुपारपर्यंत बंद. फुटबॉल हिवाळ्यात. शेतकरी झोपतात.

मी काय करतो तेही लिहितो, सगळं लिही म्हणालीस म्हणून. रविवारी सोसायटी मासळी घेत नाही, त्यामुळं तो दिवस बर्फ उतरवायचा. हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, त्या बर्फाचे गोळे खाऊन तुझा घसा धरायचा. सकाळी कोल्ड स्टोरेज बंद करून दारं उघडी टाकतो. मग टेकडीवर जातो आणि तुझाही डबा बंद करतो. बरोबर टॉवेल नेतो, पाणी गळलं तर टिपायला. अजून थेंब गळलेला नाही, तुझं काम पक्कं आहे म्हणायचं, पण थंडी आली तिथं बर्फ धरतोच. दिसत नसला तरी आत असणार. यंत्रालाही तेवढीच विश्रांती. दुपार कलली की आधी खालचं सुरू करतो आणि मग वरचं. सोमवारी बघावं तर सत्तर. पहिल्या आठवड्यापासून एकही रविवार चुकवलेला नाही, पाऊस असला तरी.

तेव्हा कंपनीनं देखभालीवर बोट ठेवलं तर सांग, आमच्या काकानं लेकरासारखा जपलाय.

केल्विन येत्या आठवड्यात घरी येतोय. मी त्याची खोली झाडून ठेवलीय.

आज सत्तर.

क्लॅरीकाका


सिडनी
१८ फेब्रुवारी २००२

प्रिय क्लॅरीकाका,

हे पत्र मी कितीदा लिहिलं आणि फाडलं. एका पत्रात लिहिलं होतं की विजेच्या तारेत दोष होता. तुम्ही विश्वास ठेवला असता. पण मग पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा टॉवेल घेऊन वर गेला असता. म्हणून सरळ लिहिते.

डबा बंद करायचा नव्हता. कधीच नाही. आतली हवा काढून टाकून तो सीलबंद केलेला असतो, तिथं बर्फ धरायला काही नसतंच. थंड करणारं यंत्र बंद केलं की पट्ट्या तापतात आणि अतिवाहक राहत नाहीत. मग डबा आपोआप वाटेतून बाजूला होतो आणि टॉवर जुन्यासारखाच ऐकतो, खडकांच्या अलीकडचं तेवढं. पुन्हा सुरू केल्यावर तेवढं थंड व्हायला रात्र होते. म्हणून सोमवारी तुम्हाला सत्तर दिसायचं.

आता दुसरं, आणि हे नीट वाचा. तुम्हाला कोल्ड स्टोरेजसारखं सांभाळा असं मी सांगितलं होतं. मीच. ज्याच्या हातात बर्फघर आहे त्याला असं सांगितलं तर तो रविवारी बर्फ उतरवणारच. मी लहानपणी ते गोळे खाल्लेत, मला हे सुचायला हवं होतं. सोपं करून सांगायच्या नादात मी चुकीचं सांगितलं, आणि तुम्ही मी सांगितलं ते तंतोतंत केलंत. चूक माझी आहे. काका, ती तुमच्याकडे घेऊ नका.

लगेच लिहा.

मेरिडी


सिडनी
११ मार्च २००२

प्रिय काका,

तुमचं पत्र नाही. ग्वेनला फोन केला तर म्हणाली, "तो बरा आहे, पण पेस्टी घ्यायला आत येत नाही, बाहेरूनच जातो." मला इथं एका जागी बसवत नाही. पत्रपेटी सकाळ-संध्याकाळ बघते.

कंपनीला अहवाल दिला. कारण म्हणून एकच वाक्य लिहिलं: डबा बनवणाऱ्या व्यक्तीने देखभाल करणाऱ्याला चुकीची सूचना दिली, आणि त्याने ती पाळली. तुमचं नाव त्यात नाही. आमचे साहेब म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस. पण कंपनीला पटलं. डबा राहणार आहे, काका. आमचा माणूस येऊन बटणावर झाकण बसवेल आणि तापमान इथं दिसायची सोय करेल. गेल्या तीन रविवारी लांबचा एकही फोन पडलेला नाही.

केल्विनला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही ठरवा.

एक ओळ लिहिलीत तरी चालेल. नुसता आकडा लिहा.

मेरिडी


पोर्ट हॅलोरन
२५ मार्च २००२

प्रिय पोरी,

काय लिहू ते कळत नव्हतं. अजून कळत नाही.

तू सगळं स्वतःकडे घेतलंस. सांगितलं तू, पण बटण माझ्या हातानं दाबलं. त्या रविवारी सकाळी मी डबा बंद केला आणि खाली येऊन चहा पीत पायरीवर बसलो. ऊन छान होतं. बोटी कुठं दिसतात का बघत होतो. तो तिकडं डाव्या हातानं फोनची बटणं दाबत होता आणि मी ऊन खात होतो. हे डोक्यातून जात नाही.

तुझा माणूस येऊन गेला. पितळी झाकण बसवलं, कुलूप लावलं. केल्विन त्याच्याबरोबर वर गेला होता, बराच वेळ दोघं काहीतरी बोलत होते. मी खालीच थांबलो. चावी मी ग्वेनकडे देऊन टाकलीय, मला ती खिशात नको.

केल्विन घरी आहे. मी त्याचे बटाटे सोलतो, बुटांच्या नाड्या बांधतो. तो म्हणतो, "म्हातारबा, मी पाच वर्षांचा नाही." पण बांधू देतो. त्याला सांगायचं म्हणून रोज उठतो. समोर बसलो की त्याचा हात दिसतो आणि मी नाड्याच बांधायला घेतो. कधी म्हणतो, मला ऐकू येत नाही हेच बरं, तो ओरडला तरी कळणार नाही. पण तो ओरडणार नाही. तो उठून बोटीवर जाऊन झोपेल आणि परत घरी यायचा नाही. तेवढ्याचीच मला भीती आहे. लॉर्ना गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच.

ईस्टरनंतरच्या रविवारी केल्विन पहिल्यांदा बोट काढतोय. जोडीदार बरोबर आहे. एरियल बसवलीय. त्याच्या आधी सांगायला हवं ना?

आकडा बघितलेला नाही.

क्लॅरीकाका


सिडनी
२ एप्रिल २००२

प्रिय काका,

सांगा. त्याला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. तुम्हाला होत नसेल तर मी विमान पकडून येते, आपण दोघं सांगू. फक्त हो म्हणून कळवा, ग्वेनला सांगा, ती मला फोन करेल.

मेरिडी


पोर्ट हॅलोरन
८ एप्रिल २००२

प्रिय पोरी,

यायची गरज नाही. कोट घ्यायला सवडीनं ये.

शनिवारी सांगणार होतो, नाही जमलं. रविवारी उजाडायच्या आत तो गेला. कोल्ड स्टोरेज बंद केलं, दारं उघडी टाकली आणि सवयीनं पाय टेकडीकडे वळले, म्हणून मुद्दाम घरी येऊन बसलो. घरात बसवेना. अंगणात गेलो, परत आलो. भांडी धुतली, धुतलेली परत धुतली. खडकांच्या पलीकडे वारा कसा असेल, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात घंटीबरोबर पेटणारा स्वयंपाकघरातल्या फोनचा दिवा लागला. तुला माहीत आहे, मी तो उचलत नाही. लॉर्ना गेल्यापासून हात लावलेला नाही. पण काल उचलला. कानातलं मशीन घातलेलं होतं, तरी नुसता फर्रर्र आवाज, वारा आणि त्यात कुठंतरी माणूस. केल्विनच होता. शब्द एकही कळला नाही. तो काहीतरी विचारत होता, एवढं सुरावरून कळलं, शेवटी आवाज वर जातो ना, तसा. परत परत तेच विचारत होता. मी घाबरलो की हात पुन्हा गेला की काय. पण मग तो हसला, हसणं मला कळतं. मग मीही म्हणालो, "हो हो. केलं, केलं. तू ये सावकाश." आणि ठेवून दिला.

दुपारी जेटीवर गेलो. शेवंडं बरी मिळाली होती. दोर झेलायला पुढं झालो आणि विचारलं, "काय विचारत होतास रे मगाशी?"

त्यानं दोर माझ्याकडे फेकला. म्हणाला, "विचारत होतो, बाबा, आज रविवार आहे, डबा बंद केलास का? आणि तू म्हणालास, हो हो, केलं, केलं."

दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसलो. कधी कळलं तुला, विचारलं. म्हणाला, "झाकण बसवायला आलेल्या माणसाला विचारलं, बटणाला कुलूप कशाला? तो म्हणाला, दर रविवारी कुणीतरी बंद करायचं; त्याला तुझं नाव ठाऊक नव्हतं. पण दर रविवारी टॉवेल खांद्यावर टाकून तू टेकडी चढतोस हे समुद्रावरूनसुद्धा दिसतं. मला वाटायचं, वर जाऊन आंघोळ करतोस का काय."

मी म्हणालो, मग महिनाभर बोलला का नाहीस. तो म्हणाला, "तू नाड्या छान बांधत होतास." मी रडत होतो, त्यानं बघितलं नाही असं दाखवलं आणि शेवंडांच्या तिन्ही टोपल्या स्वतः उचलल्या, दोन बोटांच्या हातानं. मला हात लावू दिला नाही. वर चढताना म्हणाला, "ग्वेनकडून चावी परत आण. तिला ती टेकडी झेपत नाही, आणि आकडा बघायला कुणीतरी हवं."

चावी आणली. तुला आता आकडा तिकडं दिसतो म्हणे, तरी मी वर जाऊन आलो, कालच, रविवारीच. डब्यावर हात ठेवला. घुरघुरत होता.

सत्तर.

क्लॅरीकाका